चपला बाहेर काढणारे साडू

विषाणूंवर मनापासून माया करणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो नेमका माझा साडू निघाला. मित्र टाळता येतो, शेजाऱ्याशी अबोला धरता येतो, पण साडूला दर सणाला शेजारच्या पाटावर बसवून घ्यावंच लागतं. माझं बुऱ्हाणपुरात कापडाचं दुकान आहे. जगात घेणारी माणसं असतात आणि नुसती ठाणं उलगडून बघणारी असतात, एवढंच माझं शास्त्र. थोरल्या साडूंचं शास्त्र फार बारीक. ते इथल्या एका खाजगी कॉलेजात जीवशास्त्र शिकवायचे, आणि त्यातही त्यांचा जीव जडला होता तो जिवाणूंना लागणाऱ्या विषाणूंवर. आपल्याला सर्दीतापाने लोळवणारे विषाणू त्यांना जरा हलक्या कुळातले वाटत. त्यांचे लाडके माणसाच्या वाटेलाच जात नाहीत. जिवाणू गाठायचा, त्याच्या पोटात शिरायचं आणि तिथेच आपली प्रजा वाढवायची, हा त्यांचा उद्योग. विलायतेत त्यांना फाज म्हणतात म्हणे. साडू मात्र त्यांचा उल्लेख 'आपले लोक' असा करत, आणि नवखा माणूस आपण कुठल्या गावचे, कुठल्या नात्यातले, हे विचारून मोकळा होई.

हे आपले लोक जिथे जिवाणू तिथे सापडतात. म्हणजे नदीत, शेणात, मातीत, आणि सगळ्यात भरघोस म्हणजे गटारीत. त्यामुळे साडूंच्या स्कूटरच्या डिकीत मानेला सुतळी बांधलेल्या बाटल्या कायम असत. रविवारी सकाळी लोक राजघाटावर तापीत बुडी मारायला जातात, हे पायरीवर बसून बाटली बुडवत आणि वर काढलेलं पाणी उन्हाकडे धरून इतका वेळ बघत राहत की घाटावरच्या एका गुरुजींनी त्यांना हळूच विचारलं, कोण गेलं घरातलं? परतीच्या वाटेवर मोठ्या नाल्याशी स्कूटर हमखास थांबायची. एकदा मी सुरतेच्या एका बड्या व्यापाऱ्याला गाडीत घालून दुकानाकडे नेत होतो, तर साडू नाल्याच्या कठड्यावर पालथे पडलेले, हातात सुतळी, आणि मला बघून त्यांनी तिथूनच आनंदाने सांगितलं की आज माल फार चांगला आहे. व्यापाऱ्याने माझ्याकडे पाहिलं. माझे साडू, पाण्याच्या खात्यात आहेत, असं म्हणून मी वेळ मारून नेली.

कोरोनाच्या काळात तर त्यांनी कमाल केली. सगळं गाव विषाणूच्या नुसत्या नावाने दारं लावून घेत होतं, आणि हे गच्चीवर उभे राहून खालच्या गल्लीला समजावत होते की सरसकट सगळ्यांना नावं ठेवू नका, बहुतेक बिचारे आपल्याकडे बघतही नाहीत. गल्लीने मग यांच्याकडे बघणं सोडलं. दूधवाला दूध कोपऱ्यावर ठेवून शिट्टी वाजवायचा आणि पळायचा. 'कीटाणू मास्तर' हे नाव तेव्हापासून पडलं. साडूंना नाव पडल्याचं दुःख नव्हतं, ते चुकीचं पडल्याचं होतं. कीटाणू म्हणजे जिवाणू, आणि जिवाणू हे तर आपल्या लोकांचं अन्न, असं ते मला फार कळकळीने सांगत.

स्वयंपाकघराचं विचारूच नका. जिवाणू वाढवायला जी खीर लागते ती ते घरच्या कुकरमध्ये शिजवत. शेवटी ताईंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीने, त्या कुकरच्या दांड्याला लाल दोरा बांधून त्याला घरातून वेगळा काढला. फ्रिजचा खालचा कप्पा त्यांचा. त्यात काचेच्या झाकणबंद बशा असत, आणि एका डब्यात बटाट्याच्या सडक्या फोडी. मी एकदा मावा जलेबी समजून तो डबा उघडला होता. त्यानंतर त्या घरात मी पाणीसुद्धा मागून घेतो.

इथवरचं सगळं हसण्यावारी नेण्यासारखं आहे. पण साडूंची एक सवय अशी होती की तिला मी आधी हसलो आणि मग हसेनासा झालो. साडू घरजावई. मूळचे डोईफोडियाकडचे, घरची परिस्थिती बेताची. बुऱ्हाणपुरात नोकरी लागली तेव्हा राहायला खोली शोधत होते. इकडे आमच्या सासूबाई वारलेल्या, धाकटी मुलगी शाळेत, आणि सासरे, ज्यांना सगळं गाव नाना म्हणे, ते पहाटेपासून केळीच्या बागेत. घर बघायला कोणी नाही. सगळ्यांच्याच सोयीचं होतं म्हणून थोरलीचं लग्न लागल्यावर जावई सासरीच राहिले. पहिल्या दिवशी त्यांनी चपला दाराबाहेर गल्लीतल्या पायरीखाली काढल्या. त्यात वावगं काही नव्हतं. पण पुढे पंचवीसेक वर्षं ते तिथेच काढत राहिले. आत ओसरीला चपलांची चांगली लाकडी मांडणी आहे. मी सणावारी येणारा, तरी माझा जोड बेधडक तिच्यावर ठेवून आत जातो. साडू नाही. त्यांच्या चपला बाहेर, आणि त्याही तोंड रस्त्याकडे करून. उद्या कोणी निघा म्हटलं तर पाय सरकवले की झालं, अशा बेताने. किती जोड कुत्र्यांनी नेले आणि किती पावसात वाहून गेले याची गणती नाही, पण गडी बधला नाही.

घरातही तसंच. ओसरीवरच्या झोपाळ्यावर ते कधी बसले नाहीत. भाजी अळणी असली तरी छान म्हणायचे. नानांशी तर थेट बोलणंच नाही. नानाही जुन्या वळणाचे, जावयाशी अदबीने वागणारे. दोघं एका खोलीत असले तरी नाना ताईंना म्हणायचे, त्यांना विचार, चहा घेतील का; आणि हे ताईंना म्हणायचे, नानांना सांग, घेतो. मध्ये ताई उभ्या. माझ्याशी मात्र नाना मोकळं बोलत, कारण मी जेवून आपल्या घरी परत जाणारा होतो.

एका आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आम्ही दोघं जेवून ओसरीवर टेकलो होतो. आमरसाने डोळे जड झाले होते. मी नुसती थट्टा म्हणून विचारलं की तुमचे ते लोक जिवाणूच्या घरात शिरून करतात तरी काय. साडू उठून बसले. त्यांना हा प्रश्न कोणी आपण होऊन विचारला नव्हता. म्हणाले, तुम्ही जावई आहात, तुम्हाला लगेच कळेल. हा पाहुणा आधी दार ओळखतो. वाटेल त्या घरी जात नाही, ज्याच्या भिंतीवर त्याचा पाय नेमका बसतो तेच त्याचं सासर. पाय टेकले की तो भिंतीला बारीक भोक पाडतो आणि स्वतः आत जात नाही. आत सोडतो फक्त एक धागा. त्या धाग्यात त्याचं सगळं काही लिहिलेलं असतं. अंगावरचा डगला बाहेरच राहतो, रिकामा, भिंतीला लटकलेला.

पुढची गोष्ट दोन तऱ्हांची, असं सांगताना त्यांचा आवाज खाली आला. पहिल्या जातीचा पाहुणा आत गेला की स्वयंपाकघर ताब्यात घेतो. घरच्यांचा स्वयंपाक बंद. पीठ त्यांचंच, चूल त्यांचीच, हातही त्यांचेच, पण रांधायचं याचं. एकीकडे नुसती डोकी बनतात, दुसरीकडे शेपट्या, तिसरीकडे धाग्याच्या नकला. मग धागा डोक्यात भरला जातो, डोक्याला शेपटी बसते, आणि अर्ध्याएक तासात घर त्याच्या भावंडांनी गच्च भरतं. शेवटी तो आतूनच भिंत विरघळवतो. घर फुटतं, आणि शंभराच्या घरात पाहुणे नवी घरं शोधायला बाहेर पडतात. दुसऱ्या जातीचा पाहुणा सहसा असलं काही करत नाही. त्याचा धागा घराच्या धाग्यात जाऊन विणला जातो आणि गप्प बसतो. जिवाणू वाढतो, एकाचे दोन होतात, दोनाचे चार, आणि प्रत्येक नव्या घरात त्या धाग्याचीही नक्कल जाते. पिढ्यान्‌पिढ्या कोणाला पत्ता लागत नाही की मूळचा कोण आणि बाहेरून आलेला कोण. वर तो आपल्याच जातीच्या दुसऱ्या पाहुण्याला घराचा नाश करू देत नाही. घरावरच मोठं संकट आलं, कडक ऊन म्हणा, विष म्हणा, तर मात्र तो कधी कधी जागा होतो आणि पहिल्यासारखा वागतो.

मी हसत विचारलं की मग तुम्ही कुठल्या जातीचे. मला वाटलं, तेही हसतील. साडूंनी आतल्या खोलीकडे पाहिलं. तिथे नाना आडवे झाले होते. मग ते म्हणाले, "मी अजून भिंतीवरच बसलोय." आतून नानांच्या खोकल्याचा आवाज आला आणि आमचं बोलणं तिथेच थांबलं.

त्याच वर्षी भाद्रपदाच्या उन्हात नानांच्या बागेत कंद सडायला लागले. केळीचं रोप वरून हिरवंगार दिसतं, हात लावला की आडवं होतं, आणि बुडातून असा वास येतो की जेवण नको वाटावं. नानांनी सगळ्या बागेत ब्लिचिंग पावडरची आळवणी सुरू केली, म्हणजे रोपाच्या बुडाशी औषधाचं पाणी ओतायचं. साडू सडका कंद पिशवीत घालून घरी घेऊन आले. हा रोग जिवाणूचा, हे त्यांना वासावरूनच कळलं होतं. त्यांनी त्या जिवाणूची बशीवर पातळ साय वाढवली आणि तिच्यावर ठिकठिकाणचं गाळलेलं पाणी थेंब थेंब सोडलं. मला दुकानातून बोलावून त्यांनी ती बशी दाखवली. जिथे आपले लोक घर फोडत होते तिथे सायीला भोकं पडली होती. नाल्याच्या पाण्याची भोकं काचेसारखी स्वच्छ. तापीच्या पाण्याची धुरकट, वाफ धरल्यासारखी. मला दोन्ही सारखीच वाटली. तो माणूस मात्र इतका हरखला होता की मला कौतुक करावंच लागलं.

ताईंच्या तोंडून त्यांनी नानांकडे बागेचा एक तुकडा मागितला. आळवणी मी माझ्या पाण्याने करतो, तिथे ब्लिचिंग नको, एवढंच मागणं. नानांनी विहिरीकडचा कोपरा दिला. बागेतला सगळ्यात चांगला कोपरा तो. तिथला पहिला घड दर वर्षी इच्छापूरच्या देवीला जातो. इतक्या वर्षांत जावयाने पहिल्यांदा काही मागितलं म्हणून दिला, असं नाना मला नंतर म्हणाले. देताना त्यांनी ताईंना फक्त विचारायला सांगितलं की पाणी कुठलं आहे. ताईंनी विचारलं. आणि साडूंनी उत्तर दिलं, "तापीचं."

झालं असं की नाल्याचं, हा शब्द त्यांच्या तोंडातून निघेना. देवीच्या घडाचा कोपरा, समोर सोवळ्यातले सासरे, आणि आपण पायरीखाली चपला काढणारे. एकदा तापीचं म्हटल्यावर खोटं बोलायचं कसं, म्हणून या सत्यवानाने खरोखरच तापीच्या पाण्यातले आपले लोक वाढवले, बादल्या भरल्या आणि रोपारोपाच्या बुडाशी स्वतः ओतले. धुरकट भोकाचा अर्थ त्यांच्याइतका बुऱ्हाणपुरात कोणाला कळत नव्हता. ती दुसरी जात. काही घरं फोडते, पण बरीचशी राखते, त्यांत गप्प बसते, आणि मग त्या घरांना तिच्या भावंडांपासून धोका उरत नाही. थोडे तरी जिवाणू मरतील, या आशेवर त्यांनी डोळे मिटले.

थोडेच मेले. उरलेले पाहुण्यासकट नांदायला लागले. बाकीची बाग ब्लिचिंगने कशीबशी तगली आणि विहिरीकडचा कोपरा पडला, एकामागून एक, सगळा. त्या दिवशी नानांना बागेत घेऊन मीच गेलो होतो. साडू आधीपासून तिथे होते. पडलेल्या रोपांमध्ये चिखलात उकिडवे बसले होते आणि सडके कंद हाताने उपसत होते.

घरी आल्यावर साडूंनी नेहमीप्रमाणे चपला बाहेर काढल्या, आत आले आणि झोपाळ्यावर बसलेल्या नानांसमोर जमिनीवर बसले. ताई पाणी घेऊन मध्ये उभ्या राहिल्या, तर त्यांनी ताईंना हाताने बाजूला व्हायला सांगितलं. मी त्या घरात असं कधी पाहिलं नव्हतं. ते सरळ नानांकडे बघून बोलले.

"नाना, चूक माझी आहे. नाल्याचं पाणी लागू पडत होतं. मला माहीत होतं. पण तुमच्या बागेत, देवीच्या कोपऱ्यात गटारीचं पाणी घाला, असं माझ्याने सांगवलं नाही. मी जातो. डोईफोडियाला घर आहे अजून."

नानांनी झोपाळा पायाने थांबवला. ते चिडले होते, पण मला वाटलं होतं त्या कारणाने नाही.

"रोपाचं वाईट वाटते मले," ते म्हणाले. "कावून नाही वाटणार? पण रोपं पुढच्या लागणीले येतीन. तुम्ही इतके साल ह्या घरात राहून राहिले, जवाईबापू, अन मले सीधं एक गटारीचं नाव नाही सांगू शकले? माझं पोरगं असतं तर तोंडावर सांगितलं असतं. भांडलं असतं माझ्यासंगं."

"मी पोरगा नाही, नाना," साडू म्हणाले. "जावई आहे."

नाना उठले. गुडघे धरून, भिंतीचा आधार घेत दारापर्यंत गेले, पायरी उतरले आणि वाकले. चिखलाने माखलेल्या त्या चपला त्यांनी दोन्ही हातांनी उचलल्या. ताई धावल्या, नाना, हे काय करता म्हणून. नानांनी ऐकलं नाही. जावयाच्या चपलेला सासऱ्याने हात लावायचा, हे आमच्यात कोणी ऐकलंही नसेल. त्यांनी त्या मांडणीवर आपल्या जोडाच्या शेजारी ठेवल्या, तोंड भिंतीकडे करून, आणि हात धोतराला पुसले.

"आता ह्या बाहेर नाही जाणार," ते म्हणाले. "अन पुढच्या लागणीले ते गटारीचंच टाकून पाहा. देवीले काय सांगायचं, ते मी सांगतो."

साडूंनी चष्मा काढला आणि तो पुसायचं सोडून हातात धरून बसून राहिले. मी कापडाचा व्यापारी, दिवसभर लोकांचे चेहरे वाचतो, पण त्या वेळी मला त्यांच्याकडे बघवलं नाही. मी गाडी नीट लावायच्या निमित्ताने बाहेर गेलो. पायरीखाली चपलांच्या जागी दोन फिकट चौकोन पडले होते, इतक्या वर्षांच्या काढण्याघालण्याने दगड तिथे झिजून उजळला होता.

सवय अर्थात एका दिवसात गेली नाही. चपला बाहेर निघायच्या आणि झोपाळ्यावरून नानांचा आवाज यायचा, जवाईबापू, चपला. पुढे पुढे त्या आपोआप आत यायला लागल्या, आणि घरात आवाज वाढला. नाना आणि साडू आता थेट बोलत, म्हणजे भांडत. ठिबक कधी सोडायचं यावरून, भाजीतल्या मिठावरून, टीव्हीच्या बातम्यांवरून. बिचाऱ्या ताई म्हणायच्या की मध्ये उभं राहायचं होतं तेच बरं होतं. पुढच्या लागणीला विहिरीकडच्या कोपऱ्यात गटारीतले आपले लोक वाजतगाजत गेले. कंद सडले नाहीत. पण त्या वर्षी रोग शेजारपाजारच्या बागांतही आला नव्हता, त्यामुळे सिद्ध काहीच झालं नाही, असं साडू स्वतःच सगळ्यांना सांगत सुटले. नाना मात्र घड घेऊन इच्छापूरला गेले आणि देवीपुढे बराच वेळ ओठ हलवत उभे होते. काय सांगितलं ते त्यांनी आम्हाला कळू दिलं नाही.

गेल्या थंडीत नाना गेले. साडूंनी कॉलेज सोडलं आहे आणि बाग तेच बघतात. पहाटे डोक्याला नानांचा रुमाल गुंडाळून निघतात. परवा मी दारात पोचलो तर आतून खोकल्याचा आवाज आला, अगदी तोच, आणि माझा पाय क्षणभर पायरीवर थबकला. आत झोपाळ्यावर साडू बसले होते. कोण कोणाच्या घरात राहायला गेलं होतं, ते मला आता नीट सांगता येत नाही.

दिवसकार्य झाल्यावर ताईंनी नानांचे कपडे, काठी, चपला कोणा गरजूला द्यायला बाजूला काढल्या होत्या. कपडे गेले, काठी गेली. चपलांना हात लावला तेव्हा साडू म्हणाले, "त्या राहू दे. त्या बाहेर नाही जाणार." ताईंच्या शब्दाला त्यांनी नाही म्हटल्याचं मी पहिल्यांदा ऐकलं. अजून त्या तिथेच आहेत, वरच्या फळीवर, साडूंच्या जोडाच्या शेजारी. मी गेलो की माझ्या चपला खालच्या फळीवर ठेवतो.